मेलेल्या खारी मोजल्या, जिवंत कोण मोजणार?

काशीत कुठल्याही गोष्टीवर दोन मतं असतात, खारींवरही आहेत. आमच्या ब्रह्माघाटाकडे कुणालाही विचारा, ‘गिलहरी अब दिखती कहाँ है’ म्हणून तो तुम्हालाच उलटा प्रश्न करील. लंका मोहल्ल्यापलीकडे, हिंदू विद्यापीठाच्या आवारात राहणारे माझे स्नेही नेमकं याच्या विरुद्ध सांगतात. त्यांच्या गच्चीवर वाळत घातलेले सांडगे दुपारपर्यंत टिकत नाहीत, गाडीच्या वायरी कुरतडल्या जातात, आणि वहिनींच्या मते खारी हल्ली पाहुण्यांसारख्या नव्हे, जावयासारख्या वागतात. दोन्ही पक्ष ठाम आहेत. आकडा मात्र एकाकडेही नाही, आणि असणार तरी कुठून? शहरातल्या खारी मोजणं हे ना नगरनिगमाचं काम, ना वनखात्याचं. वाघ मोजतात, डॉल्फिन मोजतात, मतदार तर मोजतातच. खार मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते, त्यामुळं ती कुणाच्याच वहीत नाही.

माझी मागणी साधी आहे: खारी मोजा. काशीत मोजा, नागपुरात मोजा, पुण्यात मोजा. ही मागणी एका चिताऱ्यानं का करावी, ते आधी सांगतो.

आमचं घराणं पेशवाईच्या उत्तरार्धात इथं आलं आणि घाटावरच्या गल्लीतच राहिलं. घरात पूजा-पाठ सांगणारे होते, पंचांग करणारे होते. मी मात्र रंगांकडे वळलो आणि बनारस कलमेच्या, म्हणजे इथल्या लघुचित्रशैलीच्या, एका उस्तादांकडे शिकायला बसलो. लघुचित्रात रंगांइतकंच कलमेला महत्त्व. भुवईचा एक एक केस, ओढणीची किनार, मोराच्या पिसातले डोळे हे सगळं ज्या टोकानं उतरतं, ते टोक खारीच्या शेपटीतून येतं. मुघल कारखान्यांत खारीचे किंवा मांजराच्या पिल्लाचे केस वापरत. राजस्थानात, पहाडी चिताऱ्यांकडे आणि आमच्याकडे खारीचेच. तो केस मऊ असतो, पाणी धरतो, आणि टोकाशी किंचित वळतो. त्या वळणामुळंच रेघ बारीक सुरू होते, मध्ये फुगते आणि पुन्हा बारीक होऊन संपते. नायलॉनच्या कुंचल्यानं हे जमतं, पण त्यासाठी हाताला जास्त शिकावं लागतं.

आमची शिकार अशी चालायची. थंडीत सकाळी जरा ऊन आलं, की उस्तादांच्या अंगणातल्या निंबाखाली एक वेताची टोपली उपडी टेकवून ठेवायची. टेकू म्हणून वीतभर काडी, काडीला दोरी, आणि टोपलीखाली भिजवलेले हरभरे. दोरीचं दुसरं टोक घेऊन आम्ही पोरं ओसरीत दम धरून बसायचो. खार यायची, शेपटी झटकत चिटचिट करायची, परत जायची, पुन्हा यायची. दोरी ओढली की टोपली पडायची, आणि मग खरं काम सुरू व्हायचं. कारण खार चावते ते साधं चावत नाही, नखापर्यंत पोचते. जुन्या धोतराचा जाड तुकडा टोपलीखाली सरकवायचा आणि खारीचं डोकं त्यात गुंडाळायचं. अंधार झाला की ती गप्प व्हायची. उस्ताद स्वतः कात्री धरत. शेपटीच्या टोकाकडचे केस, तेही चिमूटभरच, मुळाशी कापायचे. टोकाला कात्री लावायची नाही, कारण केसाचं नैसर्गिक टोक हीच तर सगळी कमाई. मग खार सोडून द्यायची. ती निंबावर चढून आम्हाला जे काही सुनवायची ते भोजपुरीत असावं असं आम्ही मानून चाललो होतो.

पुढचं काम बसून करायचं. केस एका बारीक नळीत घालून हलके ठोकायचे, म्हणजे टोकं एका रांगेत येतात. रेशमाच्या धाग्यानं मुळाशी बांधायचं. कबुतराच्या पिसाची दांडी पाण्यात भिजवून मऊ करायची, रुंद बाजूनं केसांचा झुबका आत सारायचा आणि अरुंद तोंडातून हवा तेवढाच बाहेर ओढायचा. दांडी वाळली की ती केसांना घट्ट धरते. मागं बांबूची काडी बसवली की झाली कलम. चांगल्या कलमेला शेवटी एकच केस पुढं असतो.

याला शिकार म्हणायचं का, असा प्रश्न कुणी विचारील. कायदा म्हणतो, हो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या केवळ मारण्यावर थांबत नाही. पकडणं, सापळा लावणं, प्राण्याच्या शरीराचा भाग घेणं, हे सगळं तिच्यात येतं. पाच पट्ट्यांची खार या कायद्याच्या अनुसूचीत आहे. त्यामुळं टोपली-दोरीचा तो प्रकार आता बेकायदा आहे, आणि माझ्या मते असायलाच हवा. कारण अंगणात चिमूटभर केस कापणारा उस्ताद एक. पण बाजार सुरू झाला की चिमटीचं पोतं होतं. मुंगसाचं काय झालं पाहा. आमच्याच उत्तर प्रदेशातल्या, बिजनौर जिल्ह्यातल्या शेरकोटमध्ये कुंचल्यांचा मोठा धंदा आहे. तिथं मुंगसाच्या केसांचे कुंचले बनायचे, आणि त्यासाठी मुंगसं मारली जायची. २०१९ साली केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागानं शेरकोटसह देशात अनेक ठिकाणी छापे घातले, तेव्हा हजारो कुंचले आणि शंभर किलोहून अधिक केस सापडले. एका मुंगसाच्या अंगावर किती केस असतात, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

तरी त्या टोपलीच्या शिकारीत एक गोष्ट होती, जी मला आज फार मोलाची वाटते. केस कापलेली खार ओळखू यायची. शेपटीचं टोक बोडकं, झुबका अर्धा. केस परत येईपर्यंत उस्ताद तीच खार पुन्हा धरू देत नसत. ‘इसका हो गया, छोड़ो’ म्हणत. म्हणजे निंबावरच्या कुठल्या खारीचं झालं, कुठलीचं राहिलं, पलीकडच्या धर्मशाळेच्या पिंपळावरून नवी कोण आली, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का असायचा. प्राणिशास्त्रज्ञ हेच करतात. पकडतात, खूण करतात, सोडतात, आणि पुन्हा पकडताना खूण असलेले किती मिळाले यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधतात. आमच्या उस्तादांना ते शास्त्र ठाऊक नव्हतं. गरजेपोटी मोजत होते, एवढंच. त्यांच्यासाठी जिवंत खारीला किंमत होती, म्हणून जिवंत खारीची मोजदाद होती.

असं उदाहरण दुर्मीळ. माणसानं खारी मोजल्या त्या बहुतेक वेळा मारतानाच.

याची सगळ्यात ठसठशीत नोंद अमेरिकेतली आहे. १७४९ साली पेनसिल्व्हेनियाच्या वसाहतीनं मका खाणाऱ्या खारींवर इनाम लावलं, एका खारीला तीन पेन्स. पेर काल्म नावाचा स्वीडिश निसर्गअभ्यासक तेव्हा त्या प्रदेशात फिरत होता. त्यानं लिहून ठेवलंय की एका वर्षात तिजोरीतून आठ हजार पौंड गेले. भागाकार केला की ६ लाख ४० हजार खारी होतात. लोक शेतीची कामं टाकून रानात गेले, आणि सरकारला इनाम अर्ध्यावर आणावं लागलं. पुढं १८०७ मध्ये ओहायोनं तर करदात्यांवर खारींच्या टाळवा जमा करण्याची सक्तीच केली. पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या एका वसाहतीत एका वर्षात किती खारी मेल्या, हे मी इथं गंगेकाठी बसून सांगू शकतो. माझ्या गल्लीत आज किती जिवंत आहेत, हे सांगू शकत नाही.

आपल्याकडेही वेगळं नव्हतं. काशीत जी खार दिसते, त्या पाच पट्टेवालीला शास्त्रीय नाव दिलं रॉटन या मुंबई इलाख्यातल्या वन अधिकाऱ्यानं, १९०५ साली. नमुना होता सुरत जिल्ह्यातल्या मांडवीचा. पुढं याच रॉटनच्या प्रेरणेनं मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं १९११ पासून देशभर सस्तन प्राण्यांची पाहणी केली. मोठं काम, आजही आधाराला घेतलं जातं. पण त्या पाहणीचा अर्थ होता हजारो कातडी आणि कवट्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली. कुठला प्राणी कुठं राहतो हे त्यातून कळलं. किती राहतात हे कळायची सोय त्यात नव्हती. (जाता जाता: रामानं खारीच्या पाठीवरून तीन बोटं फिरवली ही गोष्ट वाल्मीकींनी सांगितलेली नाही, ती दक्षिणेकडची, आणि दक्षिणेत खार तीन पट्ट्यांचीच आहे. उत्तरेतल्या पाच पट्ट्यांचा खुलासा इथल्या कथेकऱ्यांना आजवर कुणी मागितलेला दिसत नाही. महाराष्ट्रात दोन्ही खारी आहेत, तेव्हा आपल्या कीर्तनकारांची सोय आहे.)

भुकेपोटी झालेल्या शिकारीची तर नोंद कोण ठेवणार? काशीच्या आसपासच्या मुसहर वस्त्यांत शेतातले उंदीर खाऊन दिवस काढले गेले; रायगड-ठाण्याच्या कातकऱ्यांच्या चुलीवर उंदरा-घुशींबरोबर खारही शिजली. वरच्या जातींनी त्याला नाकं मुरडली. लंगड्या आंब्याच्या बागांतले रखवालदार गुलेलीनं मातीच्या गोळ्या मारून पोपट आणि खारी हाकलायचे, काही गोळ्या लागायच्याही. शाळकरी पोरांची बेचकी तर आपण सगळ्यांनी पाहिलीय. राजेलोकांच्या शिकारखान्यात वाघ-बिबळ्यांचे आकडे पुढं पुढं असायचे, खारीला तिथंही जागा नव्हती.

चित्रात मात्र होती. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जहांगीरकाळातलं एक चित्र आहे. १६०५ ते १६१० च्या दरम्यानचं, अबुल हसननं केलेलं मानतात. सोनेरी पार्श्वभूमीवर पानगळीच्या रंगातला चिनार, त्याच्या फांद्याफांद्यांवर खारी, ढोलीतून डोकावणारी पिल्लं, आणि खाली एक अनवाणी पारधी बुंध्याला भिडून वर चढू पाहतोय. त्या खारी हिंदुस्थानातल्या नाहीत, युरोपातल्या तांबूस खारीसारख्या आहेत; बादशहाच्या प्राणिसंग्रहात आल्या असाव्यात असा जाणकारांचा तर्क आहे. मी त्याची छापील प्रत भिंगाखाली घेऊन बसतो तेव्हा मला पारध्यापेक्षा खारीच जास्त दिसतात. प्रत्येकीची ठेवण वेगळी: एक उडीच्या तयारीत, एक शेपूट उभारून, एक पिल्लाकडे वळलेली. चितारी प्रत्येक खार वेगळी बघतो, पारध्याला जी हाताला लागेल ती चालते. आणि त्या खारींचे केस रंगवणारं टोक बहुधा दुसऱ्याच कुठल्यातरी खारीच्या शेपटीतून आलेलं असणार, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आता मुद्द्यावर येतो. लोक म्हणतात, खार काय दुर्मीळ आहे? धोक्यातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिच्यापुढं चिंतेचं कारण नाही असंच लिहिलंय. चाळीसेक दिवसांत विते, एका वेळी दोन-तीन पिल्लं, वर्षातून एकाहून अधिक वेळा. १८९८ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या प्राणिसंग्रहालयाभोवती सोडली ती तिथंही रुजली. अशा प्राण्याची कसली मोजणी?

हेच गिधाडांबद्दलही म्हणता आलं असतं. माझ्या लहानपणी गंगेपलीकडच्या रेतीवर गिधाडं बसलेली असायची, त्यांच्याकडे कुणी मान वळवूनही पाहत नसे. मग ती गेली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घट झाली. हे कळलं कसं? राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश हे संशोधक ऐंशीच्या दशकात, गिधाडं मुबलक असताना, त्यांची घरटी मोजत बसले होते. त्याच जागी नव्वदच्या दशकात पुन्हा मोजल्यावर खड्डा दिसला. मग शोध सुरू झाला, जनावरांना देत असलेल्या डायक्लोफेनॅक औषधाचं कारण सापडलं, २००६ मध्ये त्या वापरावर बंदी आली. गिधाडं भरपूर असताना ती मोजायचा ‘रिकामा उद्योग’ एका माणसानं केला नसता, तर आपण आजही काशीप्रमाणेच दोन मतं घेऊन बसलो असतो.

महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको, कारण तिथं शेकरू, म्हणजे मोठी खार, आहे. राज्याचा प्राणी म्हणून त्याला मान मिळाला, १९८५ मध्ये भीमाशंकरचं अभयारण्य मुख्यतः त्याच्यासाठी झालं, आणि वनखातं झाडाझाडावर शेकरूची घरटी मोजतं. मोजणी सोपी नाही. एकच शेकरू अनेक घरटी बांधतं, त्यामुळं घरट्यांवरून प्राण्यांचा आकडा काढताना डोकं चालवावं लागतं. तरी काही तरी हातात येतं. आणि जिथं ते आलं नाही तिथं काय झालं, तेही जवळच आहे. गुजरातेत डांगच्या रानात शेकरूचा एक फिकट, पांढुरका प्रकार होता. ब्लॅनफर्ड या निसर्गअभ्यासकानं १८९७ मध्ये त्याला ‘डीलबाटा’ हे नाव दिलं. आज तो नामशेष झाल्याचं मानतात. जंगल तुटलं, शिकार झाली. पण तो नेमका कधी संपला, शेवटी किती उरले होते, याचं उत्तर कुठल्याच कागदावर नाही. संग्रहालयातली कातडी आहेत.

आमच्या भागाचा इतिहासही याच धड्याचा आहे. काशीनरेशांच्या जुन्या शिकारीच्या रानात, चकियाजवळ, १९५७ मध्ये चंद्रप्रभा अभयारण्य झालं आणि गीरहून तीन सिंह आणून सोडले. १९६५ पर्यंत ते अकरा झाले म्हणतात. त्यानंतर एकही दिसला नाही. सिंहासारखा सिंह डोळ्यांदेखत हरवतो, तिथं खारीचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. मी उलट म्हणतो: सिंहाचा निदान शेवटचा आकडा तरी आहे.

शहरात सध्या चाललेला बदल शिकारीपेक्षा मोठा आहे. आमची जुनी घरं लखोरी विटांची. भिंतीत खिंडारं, वळचणीला पोकळ्या, गच्चीच्या कोपऱ्यात चिंध्या-काथ्याची घरटी. नव्या सिमेंटच्या इमारतीत बोट घालायला फट नसते. विश्वनाथ मंदिराभोवतीच्या नव्या विश्वनाथ धामाचं उद्घाटन १३ डिसेंबर २०२१ ला झालं. त्यासाठी तीनशेच्या आसपास इमारती पाडल्या गेल्या. त्या घरांच्या पोटातून चाळीसहून अधिक जुनी मंदिरं निघाली, ती मोजली गेली, त्यांची यादी झाली, चांगलं झालं. त्या गच्च्यांवरच्या खारी गेल्या कुठं, घाटांवर पसरल्या की संपल्या, हे मात्र आता कुणालाच काढता येणार नाही. उत्तर प्रदेश सरकारनं ९ ऑगस्ट २०१९ ला एका दिवसात २२ कोटी रोपं लावल्याचं जाहीर केलं. रोपं मोजायला यंत्रणा उभी राहते. शंभर वर्षांच्या पिंपळाच्या ढोलीत कोण राहतं, हे विचारायला कुणाला वेळ नाही.

महाराष्ट्राला तर नवा कायदाही करायला नको. १९७५ च्या नागरी क्षेत्रातल्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणं तिथल्या नगरपालिका-महापालिकांनी दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते. माणसं झाडापाशी जातातच. जात, घेर, उंची लिहितातच. त्याच तक्त्यात दोन रकाने वाढवा: ढोली आहे का, आणि खार किंवा तिचं घरटं दिसलं का. पूर्ण मोजणी यातून होणार नाही, पण पाच वर्षांनी तुलना करायला काही तरी हाताशी येईल. त्याला जोड म्हणून शाळांनी प्रत्येकी काही ठरलेली झाडं घ्यावीत. वेळ सकाळची, ऊन आल्यावरची. थंडीत खार उशिरा उठते, त्यामुळं प्रार्थनेनंतरचा तास अगदी सोयीचा. प्रत्येक झाडाखाली दहा मिनिटं शांत उभं राहायचं, दिसल्या तेवढ्या लिहायच्या, ऐकू आल्या त्या वेगळ्या लिहायच्या. हिवाळ्यात एकदा, पावसाळा सरल्यावर एकदा. झाडं बदलायची नाहीत, पद्धत बदलायची नाही, आणि एकही दिसली नाही तर शून्य लिहायचं. रकाना रिकामा सोडायचा नाही. काशीत याची सुरुवात विद्यापीठाच्या आवारातून करावी. तेराशे एकरांची जागा, रांगेनं लावलेली जुनी झाडं, आणि प्राणिशास्त्राचा विभाग हाकेच्या अंतरावर. ब्रह्माघाटाची बाजू मी आणि माझे विद्यार्थी घेऊ. रेखाटनाच्या वह्या घेऊन आम्ही तसेही झाडाखाली बसतोच.

मोजल्यावर कदाचित कळेल की माझी गल्ली चुकीची आणि वहिनी बरोबर, खारी खरंच वाढल्यात. तेही उपयोगाचंच. डाळिंबाच्या, पेरूच्या बागा करणारे खारींच्या नावानं ओरडतात आणि त्यांचं ऐकून घ्यायला कुणी नाही. फळांवर जाळी टाकायला अनुदान मागायचं, तर अर्जाला काही तरी जोडावं लागतं, आणि कृषी खात्यात ‘खारी फार झाल्यात’ एवढ्यावर कागद पुढं सरकत नाही.